ईस्ट ऑरेंजमध्ये हौसाचा रंग सापडला

अमेरिका बघावी अशी माझी काही इच्छा नव्हती. आमची ही, हौसा, गेल्या वर्षी ज्येष्ठात गेली आणि बार्शीच्या घरात मी एकटा उरलो. सकाळी सवयीने दोघांचा चहा टाकायचा आणि तिचा कप मोरीत ओतायचा, असं चाललं होतं. मुलगा संतोष तिकडे न्यू जर्सीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, आईची वर्षाची तिथी इथेच करू. उन्हाळाभर राहा." म्हणून गेलो. परत आल्यावर आमच्या वाचनालयाची मंडळी मागे लागली की अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहा. मी सातवी शिकलेला माणूस. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. शुद्धलेखन त्यांनी बघावं, बाकीच्याला हात लावू नये.

विमानाचं काही सांगत नाही. बसून राहणं सगळीकडे सारखंच.

पार्सिपनी

संतोषच्या गावाचं नाव पार्सिपनी. तळी आहेत, झाडी आहे, रस्ते गुळगुळीत आहेत, फक्त रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे आपापल्या गाडीत. घरं लाकडाची. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर टिचकी मारून बघितली तर रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. एवढे पैसेवाले लोक आणि राहतात खोक्यात, हे मी बोलून दाखवलं. संतोष हसला, सूनबाई हसली नाही. घर नुकतंच घेतलं होतं.

शेजारच्या इमारतीला रंग लावायचं काम चालू होतं. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. ती पोरं मशीनने रंग फवारायची, पण खिडकीच्या कडा हातानेच करायची. एकाने गंमत म्हणून माझ्या हातात ब्रश दिला. मी चिकटपट्टी न लावता एक कड ओढून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी संतोष म्हणाला, "बाबा, प्लीज असं करू नका, इन्शुरन्सचा इश्यू होतो." तिकडे दुसऱ्याच्या खिडकीला रंग लावायलाही विमा लागतो.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, ते काही झाले नाहीत. शेपूपासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळं दुकानात मिळतं. सूनबाई मेघना पुण्याची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण माझ्यासाठी भाकरी थापायला शिकली. पहिली भाकरी अमेरिकेच्या नकाशासारखी झाली. मी तसं म्हणालो तर म्हणाली, "बाबा, टेक्सास तुमच्या ताटात, फ्लोरिडा मी खाते."

नात तन्वी चौदा वर्षांची. तिला मराठी कळतं, बोलायचं झालं की इंग्रजी सुरू होतं. रंगाने आणि कपाळाने ती थेट हौसावर गेलीय.

आता रंगाचं स्पष्ट सांगतो. हौसा काळी होती. लोक तोंडदेखलं सावळी म्हणायचे, गव्हाळ म्हणायचे, पण होती काळी. गुळाचा पाक उतरवायला आला की कढईत जो रंग दिसतो, तो तिचा. उन्हात उभी राहिली की त्यात तांबूस झाक यायची. माझी आई म्हणायची, "चुलीपुढं बसली तर दिसायची नाही." हौसा म्हणायची, "दिसत नाही तर भाकरी कोण वाढतंय आत्याबाई, भूत?"

तन्वीला तिची आई उन्हात जाऊ देत नव्हती. तिथलं ऊन म्हणजे आपलं दिवाळीतलं कोवळं ऊन, तरी पोरगी बाहेर निघाली की मेघना मागून क्रीम घेऊन धावायची. रविवारी डाळीचं पीठ आणि साय. मेघना वाईट नाही. तिच्या आईने तिचं केलं, तिने मुलीचं. आणि तन्वीच्या फोनमध्ये एक सोय होती, तिच्यात चेहरा आपोआप गोरा होतो. मैत्रिणींना पाठवायचे फोटो ती त्यातूनच काढायची.

आणि हे सगळं मला दिसायला लागलं ते भिंतीवरच्या फोटोमुळे.

संतोषने आईचा फोटो मोठा करून, चौकट घालून, चंदनाचा हार घालून जेवणाच्या टेबलासमोर लावला होता. मी सामान ठेवून समोर गेलो आणि उभाच राहिलो.

"ही कोण?" मी विचारलं.

"बाबा, आई आहे."

"तुझी असेल. माझी बायको नाही ही."

बाई गोरीपान होती. गालावर गुलाबी. साडी हौसाची, कुंकू हौसाचं, मधला चेहरा कुठल्या तरी सरदाराच्या घरचा. मेघना म्हणाली, "छान तर आलाय. किती फ्रेश वाटतायत आई."

चौकशी केली तेव्हा कळलं. मेघनाच्या बहिणीने नात्यातल्या एका लग्नात फोनवर फोटो काढला होता, तो फोन मुळातच माणसाला उजळ करतो. पुढे ज्या दुकानात मोठा करायला दिला तो दुकानदार आपल्याकडचाच. गेलेल्या माणसाचा फोटो म्हटल्यावर त्याने न विचारता आणखी दोन हात मारले. आपल्याकडे तशी रीतच आहे, गेलेलं माणूस भिंतीवर जाताना गोरं होऊन जातं. माझ्या वडिलांचंही तसंच झालेलं आहे. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

दुसरा फोटो शोधला. आमच्या लग्नाच्या फोटोत तिला पावडर थापलेली. आधार कार्डावर तर कुणीच कुणासारखं दिसत नाही. हौसाच्या खऱ्या रंगाचा फोटो पृथ्वीवर नव्हता.

मला कसली भीती वाटली ते सांगतो. वर्ष झालं, तिचा आवाज अजून नीट आठवतो, पण चेहरा सुटायला लागला होता. डोळे मिटले की कपाळ यायचं, हनुवटी यायची नाही. त्यात रोज तिन्ही वेळा जेवताना समोर ही गोरी बाई. बघून बघून एक दिवस हीच खरी वाटणार आणि माझी हौसा दुसऱ्यांदा जाणार. तिथीच्या आत हा फोटो बदलायचा, एवढंच मी मनात धरलं.

रंगाऱ्याला काय सुचणार? भिंत फार पांढरी झाली तर वरून पातळ हात द्यायचा. एका दुपारी सगळे आपापल्या खोल्यांत कामाला बसले असताना मी चौकट उघडली, बिनदुधाचा कडक चहा केला आणि सुती फडक्याने फोटोला पहिला हात दिला. खोटं नाही सांगत, पहिला हात सुरेख बसला. तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या हाताला कागद फुगला. गालावर चट्टे आले, कपाळावरून ओघळ आला, थेट कुंकवात. मी तो वाळवायला मागच्या अंगणात नेऊन ठेवला, तेवढ्यात मेघना पाणी प्यायला खोलीबाहेर आली आणि तिला तो दिसला.

"बाबा, हे काय केलंत?"

"रंग दिला."

"आईंना?"

तिने माझ्या हातातलं चहाचं फडकं घेतलं आणि आत निघून गेली. ते जास्त लागलं. संतोष संध्याकाळी म्हणाला, "जाऊ द्या बाबा, मी नवीन प्रिंट ऑर्डर करतो."

"तसलीच?"

"दुसरा फोटोच नाहीये आपल्याकडे."

शेजारीण

शेजारच्या घरात लोरेन नावाची बाई राहते. निवृत्त नर्स, काळी, माझ्याएवढी उंच. डोक्यावर पांढरे कुरळे केस गोल उभे, पांढरी शेवंती फुलावी तसे. रोज सकाळी टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालताना मला "गुड मॉर्निंग" म्हणायची, मीही म्हणायचो, आमची ओळख तेवढीच. दुसऱ्या दिवशी मी तो चट्ट्याचट्ट्यांचा फोटो मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला तिने पाहिला. पाण्याचा डबा खाली ठेवून कुंपणापाशी आली. मी तन्वीला हाक मारली.

बाईने फोटो हातात घेतला, तन्वीकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"आजोबा, she's asking, हे आजीला कोणी केलं?"

"चट्टे मी केले म्हणावं. पण त्याच्या आधीचं मी केलेलं नाही."

मग तन्वीने तिला बरंच काही सांगितलं. काय ते मला कळलं नाही, पण मध्येच तिने स्वतःच्या गालाला हात लावून दाखवला, तेव्हा आधी हसत ऐकणाऱ्या लोरेनचं हसू मावळलं. शेवटी म्हणाली, माझा भाऊ वॉल्टर ईस्ट ऑरेंजला फोटोचा स्टुडिओ चालवतो, शनिवारी माझ्याबरोबर चला.

संतोष जरा चुळबुळला. "ईस्ट ऑरेंज? बाबा, तो एरिया जरा..."

"जरा काय?"

"म्हणजे तिकडे सगळे ब्लॅक लोक आहेत."

"मग तुझी आई कोण होती?"

संतोषने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाऊन या. तन्वीला घेऊन जा, भाषेचं होईल."

ईस्ट ऑरेंज

पार्सिपनीच्या मानाने हे गाव मला गाव वाटलं. घरांना ओटे आणि ओट्यावर माणसं बसलेली. कोपऱ्यावर म्हातारे खुर्च्या टाकून गप्पा मारत होते, पोरं मध्येच रस्ता ओलांडत होती, केस कापायच्या दुकानातून हसण्याचा गलका बाहेर येत होता. एक जण लोरेनची गाडी थांबवून इतका वेळ बोलला की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मला एकदम बार्शीच्या बाजारात आल्यासारखं वाटलं.

वॉल्टरचा स्टुडिओ एका जुन्या दुकानात. आत पाऊल टाकलं आणि मी चष्मा काढून पुसला. चारी भिंती फोटोंनी भरलेल्या. नवऱ्या मुली, लष्करातले जवान, चर्चमध्ये गाणाऱ्या बायका, टोपी घातलेले आजोबा, उघडी बाळं. सगळे काळे आणि एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. मी गेरू, काव, काजळी कालवत म्हातारा झालो, पण तपकिरी रंगात एवढ्या जागा असतात हे मला तिथे कळलं. कुणाच्या रंगात तांबडं होतं, कुणाच्यात पिवळं, एका म्हातारीच्या काळ्यात तर चक्क निळं होतं. आणि कुणीही अंधारात गेलेलं नव्हतं. गालावर उजेड असा बसला होता, जसा तेल लावलेल्या अंगावर बसतो.

वॉल्टर माझ्याच वयाचा, लांबलचक, पँटला खांद्यावरून पट्टे, आणि बोलायला माझ्यासारखाच तिखट. चहाचा फोटो पाहून त्याने मान हलवली.

"He says, चहा कोणता वापरला?" तन्वीने विचारलं.

"का?"

"कारण पहिला कोट चांगला आहे."

मी त्याच्याशी हात मिळवला. कामातलं कळणारा माणूस होता.

त्याने संतोषकडून फोनवरचा फोटो मागवून कॉम्प्युटरवर घेतला. म्हणाला, नाक, डोळे, सुरकुत्या शाबूत आहेत, रंग तेवढा मारलाय, तो परत आणता येईल, वेळ लागेल. मग काम करता करता त्याने त्याची हकीकत सांगितली. तो भरपूर बोलायचा आणि तन्वी चार शब्दांत उरकायची. मी म्हणालो, "त्याचं सगळं सांग, मध्ये खाऊ नकोस." मग ती नीट सांगायला लागली, आणि तीही नीट ऐकायला लागली.

तो सांगत होता, लहानपणी शाळेत वर्गाचा फोटो निघायचा. गोऱ्या पोरांचे चेहरे यायचे आणि याचे फक्त दात आणि डोळे. घरी म्हणायचे, पोरगं फार काळं आहे. मोठा झाल्यावर धंद्यात शिरला तेव्हा कळलं की फिल्म गोऱ्या कातडीच्या बेताने बनवायचे, दोष पोराचा नव्हता. त्याची आई दर शनिवारी लोखंडी फणी चुलीवर तापवून बहिणीचे केस सरळ करायची. लोरेनने कानामागचा डाग दाखवला. त्यांच्यातल्याच काही मंडळांत दारावर खाकी कागदाची पिशवी धरायचे, म्हणे. त्या कागदापेक्षा काळा असेल त्याला आत घ्यायचे नाहीत. धरणारेही काळेच.

"गुलामी कधीच संपली होती," वॉल्टर म्हणाला. "पण माझी आई आरशात बघायची ती मालकाच्या डोळ्यांनी."

तन्वीने हे दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मला कळलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा बहुतेक तिचं तिलाच.

मग ती दोघं बहीणभाऊ तरणी झाली तेव्हा वारं फिरलं. मोर्चे निघत होते, मार खाणं चालू होतं, मतासाठी, शाळेसाठी, बसायच्या जागेसाठी. त्यातच पोरापोरींनी केस सरळ करणं सोडून दिलं. जसे उगवतात तसे वाढवले आणि रस्त्यातून मोठ्याने म्हणत निघाले की आम्ही काळे आहोत आणि सुंदर आहोत. मी विचारलं, "लगेच खरं वाटलं का?"

वॉल्टर हसला. "छे. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांना धीर देत होतो. घरी जाऊन आरशासमोर परत शंका यायची. कायदे बदलायला बाहेर भांडावं लागतं. हे दुसरं भांडण अंघोळीच्या खोलीत, एकट्याने." त्याच सुमारास त्याने हा स्टुडिओ काढला. पहिला फोटो आईचा. ती पावडर लाव म्हणून हटून बसली, हा लावेना. रागारागातच फोटो निघाला. धुऊन आल्यावर आईने तो हातात धरला आणि म्हणाली, "ही तर माझ्या आईसारखी दिसते." मग तो तिने स्वयंपाकघरात लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

मी म्हणालो, आमच्याकडचे गोरे मालक जाऊन जमाना झाला, तरी लग्नाच्या जाहिरातीत "मुलगी गोरी हवी" असं छापतात, आणि छापणारा स्वतः तव्याच्या बुडासारखा असतो. लोरेनने टेबलावर थाप मारली.

मग मीही माझं सांगितलं. मी ज्यांच्या भिंती रंगवायचो त्यातल्या काही घरांत मला पाण्याचं भांडं वेगळं असायचं. मागच्या पायरीवर उपडं ठेवलेलं. वॉल्टर म्हणाला, दक्षिणेत आजोळी गेलो की आमच्यासाठी नळ वेगळा असायचा, वर पाटी लिहिलेली.

"आमच्याकडे पाटी नव्हती," मी म्हणालो. "सगळ्यांना पाठ होतं."

तो इतका हसला की त्याने डोळे पुसले. मग विचारलं, "तू प्यायचास?"

"मी प्यायचो. पण लग्नानंतर हौसा कामावर मदतीला यायला लागली. तिने ते भांडं कधी उचललंच नाही. घरून स्वतःची कळशी आणायची आणि मालकिणीलाच विचारायची, 'बाई, देऊ का आमच्यातलं? गार आहे.' उन्हाळ्यात एक मालकीण घ्यायला लागली. तेव्हापासून मीही पायरीवरचं सोडलं."

वॉल्टरने कॉम्प्युटरवरच्या गोऱ्या बाईकडे पाहिलं. म्हणाला, अशा बाईला असल्या रंगात टांगणं बरं नाही. आता मला तिचा खरा रंग हवा, कशावरून घेऊ?

मी तन्वीकडे बोट केलं.

"मी नाही," तन्वी म्हणाली. "आजोबा, I look terrible in photos."

वॉल्टर म्हणाला, "तू वाईट दिसतेस की काढणाऱ्याला काढता येत नाही, ते आधी बघू. मला मॉडेल नको, रंग हवाय. तोंड वाकडं ठेवलंस तरी चालेल." पोरगी हसली आणि स्टुलावर बसली. त्याने पांढऱ्या कापडामागे दिवा लावला, दुसरा बाजूला सरकवला, मागचा पडदा गडद केला. क्रीम नाही, पावडर नाही. लोरेनने फक्त तिच्या कपाळावरचे केस मागे केले.

फोटो पडद्यावर मोठा आला. तन्वी स्टुलावरून उतरून समोर गेली, जवळ गेली, परत मागे आली. तिने खिशातून फोन काढला, वॉल्टरच्या पडद्याचा फोटो घेतला आणि फोन खिशात ठेवून दिला.

मग आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं काम सुरू झालं. भाषेची गरजच राहिली नाही. तन्वीच्या गालावरचा रंग त्याने हौसाच्या गालावर आणला, मी मान हलवायचो. "पिवळं कमी." तो बोटाने पिवळ्यावर जायचा. "काव टाक थोडी." काव म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण मी भिंतीवरच्या एका तांबूस चेहऱ्याकडे अंगठा केला, ते बघून त्याने तांबडं चढवलं. म्हातारपणात तिच्या डोळ्यांखाली थोडं जास्त काळं झालं होतं, ते मी दाखवलं. नाकाच्या शेंड्यावर चमक होती, ती दाखवली. हनुवटीशी आलो तेव्हा मला वाटलं होतं, आता माझं अडणार. अडलं नाही. हात आपोआप उठला आणि मी म्हणालो, "थांब."

तो थांबला. हौसा आली होती. आत्ताच चुलीपुढून उठून आल्यासारखी, आणि "एवढं काय बघताय," असं म्हणायच्या बेतात. मला खिशात रुमाल सापडेना. वॉल्टर खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत बसला. चांगला माणूस आहे.

त्यानंतर लोरेनने जेवायला वाढलं. मला वाटलं होतं काहीतरी अनोळखी असेल, तर ताटात चवळी, भेंडी आणि माठासारखी शिजवलेली पालेभाजी. सोबत मक्याची भाकरी, पण केकसारखी फुगलेली आणि गोड. तळलेला मासा तर आपल्याच घरचा. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. वॉल्टरने चमचाभर तोंडात टाकली, तीनचार शिंका दिल्या आणि डबी स्वतःकडे ओढून घेतली. ती मला परत मिळाली नाही.

तिथीचा दिवस

तिथीच्या दिवशी सकाळी घरात दोन फोटो होते. एक माझा, ईस्ट ऑरेंजचा. दुसरा संतोषने मागवलेला, नवा कोरा, गोरा. मेघना दोन्हींकडे बघत उभी होती.

"बाबा, रागावू नका. हा जरा जास्तच डार्क नाही वाटत? लोक येणार आहेत. म्हणतील, सासूचा फोटोसुद्धा धड केला नाही."

"ती होतीच तशी."

"होत्या हो. पण फोटोत..."

संतोष पुढे आला. त्याने माझा फोटो उचलून उजेडाला धरला. "आई दहावीला मला पहाटे उठवायची," तो म्हणाला, "दिवा न लावता. तोंडाजवळ तोंड आणून. अशीच दिसायची." आणि त्याने तो खिळ्याला लावला. दुसऱ्याचं काय करायचं, असं मेघनाने विचारलं. मी म्हणालो, "दुकानदाराला परत द्या. त्याच्या नात्यातली कुणी असेल."

तेवढ्यात तन्वी खोलीतून आली. तिच्या हातात चौकट होती. वॉल्टरने तिचाही फोटो मोठा करून लोरेनबरोबर पाठवला होता, आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. तिने तो हौसाच्या शेजारी टेकवला. "Same," ती म्हणाली. "बघा ना, same."

मेघना किंचाळलीच. "तिथे नको, तन्वी. काढ आधी. हार घातलेल्या फोटोशेजारी जिवंत माणसाचा फोटो लावतात का?"

"मग कुठे लावू?"

मेघनाने तो तिच्या हातून हिसकावून घेतला आणि मग पहिल्यांदा नीट बघितला. "रोज तर बघते मी हिला," ती मलाच म्हणाली, आणि मग हळू, "क्रीम कुठे कमी पडलंय तेवढंच बघते." हौसाच्या आजूबाजूची जागा चालेना, झोपायच्या खोलीत तन्वीला नको. फिरून फिरून तिने दिवाणखान्यातला निसर्गदृश्याचा फोटो उतरवला आणि तिथे, दारासमोर, लेकीला लावलं. येणाऱ्याला सगळ्यात आधी तीच दिसेल अशी.

दुपारी मंडळी जमली. लोरेन आणि वॉल्टर कोट घालून आले, हौसासमोर उभं राहून त्यांनी त्यांच्या पद्धतीने डोळे मिटले, मग पानावर बसले. मेघनाच्या ओळखीच्या अलकाताई जरा उशिरा आल्या. दारातच थबकल्या.

"अगं मेघना, तन्वी फारच काळी आलीय गं फोटोत. ते एडिसन गावात आपले फोटोवाले उजळ करून देतात, तसा करून घ्यायचा ना."

सगळ्यांनी ऐकलं. तन्वी हातात ताट घेऊन उभी राहिली. मेघनाने पोळ्यांचा डबा खाली ठेवला.

"फोटो बरोबर आहे, अलकाताई," ती म्हणाली. "रंग आजीचा आहे. त्या आत आहेत, बघून घ्या."

अलकाताई आत गेल्या, हौसाला नमस्कार केला, पानावर बसल्या. जेवताना दोन वेळा मान वळवून दिवाणखान्याकडे पाहिलं. जाताना दारात चपला घालता घालता त्यांनी मेघनाला जवळ ओढलं. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"तो फोटोवाला घरी येतो का गं? आमची ऋचा कॅमेऱ्यासमोर उभीच राहत नाही. शाळेच्या फोटोच्या दिवशी ताप आला म्हणते."

मेघनाने आत बोट दाखवलं. वॉल्टर बाही सावरून पुरणपोळीवर तुपाची वाटी पालथी करत होता.

"तुम्हीच विचारा," मेघना म्हणाली. "थांबा, तन्वी येईल बरोबर."